तीन गुलाबी किचन सेट, एक नोव्हेंबरचा वाढदिवस आणि धोतराचा डबा

घट बसायला आता थोडेच दिवस राहिलेत, म्हणजे आमच्याकडं दसरा काढायचे दिवस. लांबच्या वाचकांसाठी सांगते, दसरा काढणे म्हणजे घरातलं सगळं, अगदी वाकळांपासून लोणच्याच्या बरण्यांपर्यंत, बाहेर काढायचं, धुवायचं, उन्हात घालायचं आणि परत आत ठेवायचं. परत आत ठेवायचं हाच तर सगळा घोळ आहे, कारण यंदा आलेली निम्मी पत्रं "अक्का, आता आत मावत नाही" हेच सांगायलेत. उरलेली निम्मी वाढदिवसाची. नीट बघितलं तर दोन्ही पत्रं एकाच घरातली वाटतात.

प्रश्न : नमस्कार अक्का, आम्ही अनगोळला वन बीएचकेमध्ये राहतो, मी, मिस्टर, सासूबाई आणि आमची छकुली. ती एक नोव्हेंबरला चार वर्षांची होणार. मागच्या तीन वाढदिवसांची खेळणी दिवाणाखाली, कपाटावर, बाल्कनीत कोंबलीयत, किचन सेट तर तीन वेळा आलाय आणि तिन्ही गुलाबी! मिस्टर म्हणतात यंदा हॉल घेऊया. सासूबाई म्हणतात वाढदिवस तिथीनं करायचा असतो आणि लेकराकडून दिवा विझवायचा नसतो. मला वाटतंय गिफ्टच आणू नका म्हणून सांगावं, पण लोक काय म्हणतील? — छकुलीची आई, अनगोळ

उत्तर : अगं, एका पत्रात चार भांडणं घातलीस की. आधी तारखेचं बघूया. बेळगावात एक नोव्हेंबरचा वाढदिवस म्हणजे काय असतं ते मला विचार, माझ्या भाचीचा मुलगा त्याच दिवसाचा. एकीकडं राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिवसाची मिरवणूक, चन्नम्मा सर्कलला पाय ठेवायला जागा नाही, दुसरीकडं बेळगाव कर्नाटकात गेलं म्हणून मराठी माणसं पाळतात त्या काळ्या दिनाची सायकल फेरी, रस्ते बंद, चौकाचौकात पोलिस. त्याच्या दुसऱ्या वाढदिवसाला केक आणणारा पोरगा गर्दीच्या पलीकडं अडकला आणि रात्री साडेनऊला पोचला, तोवर बर्थडे बॉय आजीच्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपलेला. केकवरचं नाव खोक्याच्या झाकणाला चिकटलेलं, ते आम्ही बोटानं पुसून खाल्लं. तेव्हापासून त्यांच्याकडं ठरूनच गेलंय की एक तारखेला घरचं औक्षण आणि शिरा, आणि पोरांची पार्टी पुढच्या रविवारी. त्या दिवशी शाळेला पण सुट्टी असते, म्हणजे वर्गात चॉकलेट वाटायचा प्रश्नच येत नाही.

तिथीचं म्हणशील तर सासूबाईंचं ऐक, त्यात तुझाच फायदा आहे. तिथी दरवर्षी साधारण अकरा दिवस मागं सरकते आणि अधिक महिना आला की पुढं उडी मारते, म्हणजे तारीख आणि तिथी सहसा एका दिवशी येत नाहीत. मग तिथी सासूबाईंची. पाट, रांगोळी, डोक्यावर टोपी, कुंकू, अक्षता, सुपारी आणि अंगठी ओवाळायची, निरांजन, हातावर साखर. सगळं त्याच करतील, खर्च शून्य, आणि पोरीला दोन वाढदिवस मिळाले. रविवारच्या केकला मेणबत्ती लावूच नको, शेजारी निरांजन लाव आणि केक कापू दे. फुंकर नाही मारली म्हणून केक कडू लागत नाही.

हॉलचं एकच सांगते, चार वर्षांच्या पोरीला हॉल लागत नाही, तो मिस्टरांना लागतो. त्यांना ऑफिसातल्या लोकांना जेवण द्यायचं असेल तर वेगळं द्यावं की, पोरीच्या नावावर कशाला. चार वर्षांच्या मुलाला पाचसहा सवंगडी आणि दीड तास पुरे होतो, त्यापुढं रडारडच सुरू होते.

आता गिफ्ट. "कृपया भेटवस्तू आणू नये" असं लिहून काही होत नाही गं, मी करून बघितलंय. आपल्याकडं लेकराच्या घरी रिकाम्या हातानं जायची पद्धतच नाही, लोक जाताजाता गणपत गल्लीत थांबतात आणि हाताला येईल ते उचलतात, म्हणून तर तीन गुलाबी सेट आले. नको म्हणण्यापेक्षा काय आणायचं ते सांग. जे जवळचे आहेत, आत्या, मामा, काकू, त्यांना सरळ फोन लाव की सगळे मिळून एक सायकल घ्या. मैत्रिणींना सांग एक मराठी गोष्टीचं पुस्तक आणा, आत तुमचं नाव लिहून. आमच्या शेजारच्या कन्नड काकूंना असंच सांगितलेलं तर त्या हुट्टु हब्ब, म्हणजे वाढदिवस, म्हणून कन्नड गोष्टीचं पुस्तक घेऊन आल्या आणि स्वतः बसून वाचून पण दाखवलं, पोरांना निम्मं कळलं नाही तरी हलली नाहीत. आजोबांना म्हणावं तुमचं गिफ्ट म्हणजे महिन्यातनं एकदा टिळकवाडीच्या रेल्वे गेटला नेऊन गाडी दाखवायची. ह्याला कपाटात जागा लागत नाही.

आणि पाकिटातून पैसे येतात ते किराणात जिरवू नको बाई. पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं काढलंय का? २०१५ पासून ही योजना आहे, मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं काढावं लागतं आणि वर्षाला कमीत कमी २५० रुपये भरले तरी ते चालू राहतं. प्रत्येक वाढदिवसाची पाकिटं तिथं. सासूबाईंना सोबत घेऊन जा, त्यांना पासबुकावरचा आकडा दाखवला की पुढच्या वर्षी त्याच सगळ्यांना सांगतील, खेळणी नको पाकीट द्या म्हणून. तुला तोंड वाईट करावं लागणार नाही.

रिटर्न गिफ्ट हा प्रकार कुणी सुरू केला मला माहीत नाही पण तो भेटला तर मी दोन शब्द बोलणार आहे. पंधरा प्लास्टिकची कंपासपेटी देऊन आपण आपला पसारा पंधरा घरात वाटतो, आणि त्या पंधरा घरांचे वाढदिवस आले की तो व्याजासकट परत येतो. खायचं दे. छोट्या डबीत कुंदा दे, किंवा चिरमुऱ्याचा लाडू, दुसऱ्या दिवशी घरात काही उरत नाही. बेळगावात राहून कुंदा सोडून लोक स्टिकरची पाकिटं वाटतात ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

राहिली जुनी खेळणी. पोर झोपल्यावर गुपचूप पिशवी भरू नको, सापडतं, आणि मग ती फुटक्या चमच्यालाही हात लावू देत नाही. तीन खोकी कर. एक खाली, दोन वर. महिन्यानं बदल. वरनं खाली आलेलं खोकं तिला नवंच वाटतं, एवढ्यानं निम्मा पसारा डोळ्याआड होतो. मग तिन्ही किचन सेट शेजारी मांड आणि विचार, ह्यातला कुठला ठेवूया? कुठला देऊया असं विचारू नको, पोरं देत नसतात, पण ठेवायला निवडतात. आमच्या भाचीच्या पोरानं चांगली रिमोटची गाडी सोडून चाक मोडलेला ट्रॅक्टर ठेवला, दोन दिवस आम्ही हसलो, पण तोच ट्रॅक्टर तो अजून ओढतोय. जे द्यायचं ते धुऊन, सगळे भाग आहेत का बघून, आणि अंगणवाडीत आधी विचारून दे. फुटकं दान करू नये, तो कचरा, तो कचऱ्यातच टाकावा.

एक मात्र हसण्यावारी नेऊ नको. गाणं म्हणणाऱ्या खेळण्यात ती बटणासारखी चपटी बॅटरी असते, तिचं झाकण स्क्रूचं आहे का आणि घट्ट आहे का बघ. लेकरानं ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासात आतून भाजायला सुरू होतं, तेव्हा घरचे उपाय नाहीत, सरळ दवाखाना. खेळणी घेताना आयएसआयचा शिक्का बघत जा, १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे, पण रस्त्याकडेच्या ढिगात बिनशिक्क्याचा माल सर्रास असतो.

प्रश्न : अक्का, डेकोरेशनसाठी थर्माकोलची अक्षरं आणि काडीवरचे फुगे आणले तर दंड होतो म्हणे, खरं काय? दुकानात तर मिळायलेत. — वडगाव

उत्तर : मिळतात म्हणून चालतं असं नसतं बाळा. १ जुलै २०२२ पासून देशभर फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, सजावटीचा थर्माकोल, प्लास्टिकच्या प्लेटा, ग्लास, चमचे, स्ट्रॉ सगळ्यावर बंदी आहे. कार्डबोर्डची अक्षरं काप, मागच्या वर्षीचीच परत लाव, कुणी बघत नाही. झेंडूची माळ लाव, ती तर तशी पण स्वस्त. आणि फुगेवाल्याकडून गॅसचे फुगे आणू नको, त्यात बऱ्याचदा हायड्रोजन भरतात, तो पेटतो. तो वाढदिवसाला मारतात तो फेसाचा फसफस फवारा पण दिव्याजवळ मारायचा नाही. फुगा फुटला की तुकडे लगेच उचल, लहान पोरं तोंडात घालतात आणि घशात अडकतं.

प्रश्न : मुलाचा पहिला वाढदिवस आहे. घरचे म्हणतायत भावकी, गल्ली, सोसायटी मिळून तीनशे माणसं बोलवायची, गेल्या वर्षी दिराच्या मुलाचं केलं तसंच. आमच्यावर घराचा हप्ता आहे. — खानापूर

उत्तर : नको. तीनशे माणसांतनं दोनशे ऐंशी जणांना पोराचं नाव माहीत नसतं. वर्षाच्या लेकराला एवढी तोंडं बघून ताप येतो, हप्ता तर तुमचा तुम्हालाच. दिराच्या बरोबरीचं करायचं असेल तर संक्रांतीला बोरन्हाण करा की, गल्लीतली पोरं बोलवा, बोरं, उसाचे करवे, चिरमुरे डोक्यावरनं ओता, हलव्याचे दागिने घाला. फोटो पण छान येतात, आणि गल्लीतली पोरं खाली पडलेलं वेचून घर झाडून देतात, असली पार्टी दुसरी नाही. फक्त बोरं टपोरी असतील तर लेकराच्या तोंडात जाणार नाहीत एवढं बघा.

प्रश्न : आम्ही निपाणीचे. आजेसासऱ्यांची तंबाखूची वखार होती. आता वाटण्या झाल्यात आणि आमच्या वाट्याला तीन लोखंडी ट्रंका आल्यात, नुसती कागदं. वह्या, पावत्या, जुनी कार्डं, काही तर वाचता पण येत नाही. बाळाच्या पाळण्याला जागा नाही आणि ह्या ट्रंका खोलीत. मिस्टर म्हणतात हात लावू नको, मी म्हणते रद्दीवाल्याला बोलवू. — निपाणीची सून

उत्तर : रद्दीवाल्याला बोलव, पण आठवडाभरानं. तुझ्या मिस्टरांचं पण बरोबर नाही, हात न लावता ठेवलेली कागदं वाळवीसाठी ठेवलेली असतात.

आपल्या भागातल्या ट्रंकेचं एक वेगळंच असतं बघ. घर एक इंच हललेलं नाही आणि कागदांवर सरकारं बदलत गेलीत. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीच्या कागदावर मुंबई, त्यानंतर म्हैसूर राज्य, १९७३ पासून कर्नाटक, आणि २०१४ पासून बेळगावचं बेळगावी. आजेसासऱ्यांचा उतारा मराठीत, सासऱ्यांचा कन्नडमध्ये, आणि नावाचं स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी निराळं. उद्या वारसा लावायला किंवा पोराच्या दाखल्यावरनं काही सिद्ध करायला गेलात तर ह्या दोन नावांचा माणूस एकच होता हे सांगणारा कागद त्याच ट्रंकेत असतो. जे वाचता येत नाही ते बहुतेक मोडी असेल, ते तर अजिबात टाकू नको, मोडी वाचणारी माणसं आहेत, विचारत गेलं की सापडतात.

असं कर. पाऊस उघडला की एका कोरड्या दिवशी चादर अंथर आणि दोघं मिळून बसा, दोघं म्हणजे दोघं, तू एकटी नाही. जमीन, घर, स्टॅम्प पेपर, वाटणीपत्र, शाळा सोडल्याचे दाखले, जन्ममृत्यूचे कागद, जुनी रेशनकार्डं एकीकडं. पत्रं, लग्नपत्रिका, फोटो दुसरीकडं. वखारीच्या वह्यांतनं एकदोन चांगल्या ठेव, त्यात कुणाकडनं किती माल आला, हमालाला काय दिलं, सगळं असतं, पोरं मोठी झाली की बघतील. वीजबिलं, विम्याच्या जाहिराती, मागच्या वीस वर्षांची कॅलेंडरं, एकाच गोष्टीच्या पाच झेरॉक्स, ही रद्दी. मला वाटतं तीन ट्रंकांची अर्धी ट्रंक होईल.

ठेवलेल्याला सेलोटेप लावू नको आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, टेप पिवळी पडून कागद खाते आणि लॅमिनेशन केलेला कागद परत निघत नाही. सुती कापडात गुंडाळ, मोबाईलवर फोटो काढून ठेव, पण फोटो आहे म्हणून मूळ कागद टाकू नको. पाळण्याला जागा होईल, आणि मिस्टर दुपारभर एकेक पत्र वाचत बसतील, तेवढा वेळ बाळ त्यांच्याकडं दे.

प्रश्न : अक्का, पुरुषांची पत्रं घेता का माहीत नाही. मी उद्यमबागला मशीन शॉपमध्ये आहे. बायकोनं रील्स बघून घर रिकामं करायला घेतलंय, रोज एक पिशवी बाहेर. परवा सुट्टीला बघतो तर माझं टूलचं खोकं गायब. भंगारवाल्याला दिलं, किलोवर! त्यात माझा पहिल्या पगारातला व्हर्नियर होता. विचारलं तर म्हणाली, वर्षभर वापरला नव्हता. माझ्या चालू टीशर्टचं पण फडकं झालंय. काय बोलू? — एक नवरा

उत्तर : घेते की, नवऱ्यांनी काय घोडं मारलंय. व्हर्नियर किलोवर गेला हे वाचून आमच्या ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मिलिमीटरचे पन्नास भाग करून मोजणारी वस्तू भंगारवाल्याच्या तराजूत, हे जरा जास्तच झालं. आधी त्या भंगारवाल्याकडं जा, आजच, अशी खोकी ते लगेच फोडत नाहीत.

पण भाऊ, एक विचारते. त्या खोक्यात व्हर्नियरशिवाय काय होतं? बंद पडलेलं ड्रिल, तीन फोनचे चार्जर, कशाचे तरी नट? आणि त्याच्या भोवतीनं रोज कोण झाडत होतं? बायकोनं चूक केलीच, दुसऱ्याची वस्तू न विचारता काढायची नाही, वर्षाचा नियम तिनं स्वतःच्या पैठणीला लावून बघावा. पण तुम्ही पण खोकं कधी उघडलं नाही म्हणून तिला ते भंगार वाटलं. घरात प्रत्येकाचा एक खण ठेवा, त्यात दुसऱ्यानं बोट घालायचं नाही, आणि खणाबाहेर उतू गेलं तर ज्याचं त्यानं आवरायचं. सासूचा खण, पोराचा खण, तुमचा पण. एवढंच.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. माझं लग्न होऊन पहिलंच वर्ष होतं, घर शहापुरात, पुढं सोपा, मागं परडं. सासूबाई चार दिवस भावाकडं गेलेल्या आणि मी नवी सून, म्हटलं येईपर्यंत दसरा काढून दाखवते. फडताळाच्या खालच्या खणात एक गाठोडं सापडलं, जुनी धोतरं, मागावरची काठाची चिंधोट्या, खणाचे तुकडे, धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की हाताला लागत नव्हतं. नेमकी दारात भांडीवाली. गाठोडं दिलं, वर ह्यांची एक पँट घातली, घासाघीस केली आणि स्टीलचा डबा घेतला, चांगला झाकणाचा. मला केवढा आनंद.

सासूबाई आल्या, हातपाय धुतले, फडताळ उघडलं, बघितलं, बंद केलं. "हितलं गाठोडं?" मी डबा दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, झाकण काढून लावून बघितलं आणि म्हणाल्या, "छान हाय की." नणंदेकडनं नंतर कळलं, ती मामंजींची धोतरं होती, मामंजी जाऊन दोन वर्षं झालेली, आणि त्या कौदी, म्हणजे गोधडी, शिवणार होत्या, माझ्याच होणाऱ्या बाळासाठी. मी रडत माफी मागितली तर म्हणाल्या, "मी कुठं काय म्हटलो तुला?" खरंच कधी काही म्हणाल्या नाहीत. फक्त त्या डब्याचं नाव पडलं. जन्मभर. पाहुणे आले तरी आतनं आवाज यायचा, "अगं, त्या धोतराच्या डब्यातलं पोहे काढ."

आता त्या नाहीत. डबा आहे, झाकण जरा सैल झालंय. परवा आमची सून म्हणाली, आई, ह्या साइजचे दोन डबे झालेत, एक काढूया का? तिला अजून काही सांगितलं नाहीये, माझ्या खणात नेऊन ठेवलाय.